चांगला नमुना

“शर्ट काढ,” प्रोफेसर म्हणाले.

मी काढला. नवा होता. माझ्या मापानं शिवलेला आयुष्यातला पहिला शर्ट. दहिवलीच्या शिंप्यानं काजं करताना विचारलं होतं, “एवढा नटून कुठं रे?” आणि मी ताठ मानेनं सांगितलं होतं, युनिव्हर्सिटीत. त्या शर्टाची घडी करून मी पोटाशी धरली आणि उभा राहिलो. समोर चढत्या बाकांवर विद्यार्थी बसले होते. बहुतेक माझ्याच वयाचे. कोट, टोप्या, चष्मे. पुढच्या बाकावर दोन मुली.

“धोतरही.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी जागचा हललो नाही. प्रोफेसरांच्या हाताखाली एक तरुण होता, असिस्टंट म्हणायचे त्याला. तो कपाटापाशी गेला आणि आतून एक लंगोटी घेऊन आला. जुनी, मळकट, कुणाच्या तरी अंगावरची. तिला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. चिठ्ठी सोडून त्यानं ती माझ्या हातात दिली आणि पडद्याकडं बोट केलं.

मी नेसलो. दुसऱ्याची लंगोटी. कोण होता तो, जिवंत होता का मेला, मला माहीत नाही. बाहेर आलो तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर एक कुऱ्हाड दिली. तीही कपाटातलीच, गंजलेली. मग मला मेजावर चढायला सांगितलं. मी चढलो. पुढच्या बाकावरच्या मुलींनी माना खाली घातल्या. बाकीचे बघत राहिले. कुणी हसलं नाही, हे सांगायला हवं. हसले असते तर मी तिथंच समजलो असतो. ते अगदी गंभीरपणे बघत होते आणि मी त्याला मान समजलो.

हो, मान. इतका मी मूर्ख होतो. कसा झालो, ते सांगतो.

मी ठाकर. कर्जतच्या वर, डोंगराच्या पोटाशी आमची वाडी आहे. ही युनिव्हर्सिटी कोणत्या शहरातली, हे मी लिहिणार नाही. कर्जतहून एक रूळ घाट चढतो, एक खाली उतरतो, आणि दोन्हीकडं शहरं आहेत. रानात असताना आम्ही वाघाचं नाव घेत नाही. तसंच समजा.

दहिवलीच्या शाळेत मी मराठी सातवी झालो. आमच्या वाडीतला पहिला, आणि अजून तरी शेवटचा. सुरुवातीची वर्षं मला वर्गात घेत नव्हते, ओट्यावर बसवत. पाऊस आडवा आला की पाटी भिजायची, अक्षरं जायची, मी पुन्हा लिहायचो. पुन्हा जायची, पुन्हा लिहायचो. माझं अक्षर पावसानं सुधारलं, मास्तरांनी नाही. पण मास्तर मनाचे वाईट नव्हते. ते माझी पाटी उचलून आतल्या पोरांपुढं धरायचे आणि म्हणायचे, “हा बघा नमुना. असं लिहा. ठाकराच्या पोराला जमतं, तुम्हाला काय धाड भरलीय?”

नमुना. हा शब्द मी घरी नेला. आईनं विचारलं, “नमुना म्हंजी काय रं?”

मी म्हणालो, “सगळ्यांत चांगलं असतं ते. बाकीच्यांनी त्याच्यासारखं करायचं.”

आई वाडीभर सांगत सुटली. माजा पोरगा नमुना हाय. पाण्यावर गेली तरी तेच, लाकडाला गेली तरी तेच. दुसऱ्या बायका वैतागल्या तिला. शिकलेल्या माणसांना यात हसू येईल. येऊ द्या.

माझ्या बापाचं नाव गोमा. तो रानातून मोळी आणून कर्जतात घरोघर घालायचा. त्यातलं एक घर वकिलांचं. मोठी घरंदाज माणसं, दारात तुळस, ओटीवर झोपाळा. बा मागच्या अंगणात मोळी टाकायचा, वकिलीणबाई वरून पाणी ओतायच्या, तो ओंजळीनं प्यायचा. त्याला त्याचं काही वाटत नसे. मला वाटायचं. मी सातवी झाल्यावर बानं वकिलांना विचारलं होतं, पोराला पुढं इंग्रजी शाळेत घालायचं तर काय करावं? वकील म्हणाले होते, बघू. बा त्या ‘बघू’वर वर्षभर मोळ्या घालत राहिला, आणि चांगल्यातलं सुकं लाकूड वेचून घालत राहिला.

मग एकदा वकिलांनी स्वतः त्याला हाक मारली. मी बरोबर होतो. झोपाळ्यावरून ते म्हणाले, “गोमा, आमचे मेहुणे युनिव्हर्सिटीत प्रोफेसर आहेत. त्यांना तुमच्यातला एक चांगला नमुना हवाय. तरुण, निरोगी. हा तुझा मुलगा कसा आहे?”

बाचा चेहरा मला आजही दिसतो. तो म्हणाला, “सायेब, त्यो नमुनाच हाय. मास्तर सोता बोलतो.”

वकील मोठ्यानं हसले. “मग झालंच तर!”

“तितं शिकाया मिळंल ना, सायेब?”

“अरे, युनिव्हर्सिटीत शिकण्याशिवाय दुसरं काय चालतं?”

खोटं कुणीच बोललं नाही. मी हे बोलणं मनात उलटंपालटं करून खूप वेळा तपासलं आहे. एकही शब्द खोटा नाही. त्यामुळंच माझा संताप अजून निवत नाही. खोटं बोलले असते तर त्यांना आमची निदान भीती वाटली असं म्हणता आलं असतं. आम्हाला काय समजलं असेल, हा विचारच त्यांच्या डोक्यात आला नाही.

मामानं कापड दिलं. शिंप्यानं शर्ट शिवला. निघायच्या सकाळी आईनं डोक्यावर तेल थापलं, इतकं की ते कपाळावर ओघळलं. वाडीतली म्हातारी माणसं बाहेर येऊन उभी राहिली. एक जण म्हणाला, “मास्तर हून ये रं. मंग आपल्या पोरांना लांब जाया नको.” सगळ्यांची तेवढीच मागणी होती. वाडीत एक शाळा. मीही तेवढंच ठरवलं होतं. इंग्रजी शाळा, मग युनिव्हर्सिटी, मग मास्तर होऊन परत. माझ्या डोक्यात सगळा रस्ता सरळ होता.

वकिलांनी मला गाडीनं नेलं. युनिव्हर्सिटी दगडाची होती. उंच कमानी, रंगीत काचा, रुंद पायऱ्या. मी पायरीवर पाय ठेवण्याआधी वाकून हात लावला, देवळात लावतात तसा. शिपाई ओरडला, “इकडनं नाही. मागनं.” वकील पुढच्या दारानं गेले. शिपायानं मला मागं नेलं. त्या दाराशी लाकडी खोकी पडली होती, एका खोक्यातून पेंढा भरलेल्या रानडुकराचं तोंड बाहेर आलं होतं. मला वाटलं, मोठी शाळा आहे, सगळ्या प्रकारचं सामान लागत असेल.

आणि मग मी मेजावर उभा होतो.

कपडे का काढायला लावले, याचं उत्तर मी स्वतःच शोधून काढलं होतं. घाटात रेल्वेच्या कामाला माणसं घेतात तेव्हा डॉक्टर छाती मोजतो, डोळे बघतो. वाडीतल्या एकाला घेतलं नव्हतं, छाती कमी भरली म्हणून. तसंच हे असणार. आधी अंगाची परीक्षा, मग डोक्याची. मी छाती भरून घेतली.

पण डोक्याचीच परीक्षा आधी सुरू झाली. सुतार लाकडाची जाडी मोजायला वापरतात तसा एक लोखंडी चिमटा होता. त्याची टोकं थंड होती. एक टोक कपाळाला, एक मागं. मग या कानापासून त्या कानापर्यंत. मग नाक. नाकाला वेळ लावला. प्रोफेसर आकडा बोलायचे, असिस्टंट लिहायचा, बाकांवरचेही लिहायचे. मग एक पेटी उघडली. आत काचेचे डोळे, ओळीनं, निरनिराळ्या रंगांचे. एकेक काढून माझ्या डोळ्याशेजारी धरला. मग काचेच्या चपट्या रंगीत चिप्पा आणल्या आणि दंडाच्या कातडीला लावून बघितल्या, दुकानात लुगड्याला खण जुळवतात तशा. एक चिप्प जुळली. असिस्टंटला आनंद झाला. मग डोक्याचे काही केस उपटले. आईनं लावलेल्या तेलानं त्याची बोटं बरबटली आणि त्यानं ती रुमालाला पुसली.

मी हललो नाही. नापास व्हायचं नव्हतं.

मग प्रोफेसर म्हणाले, “आता याची भाषा ऐका.” आणि मला विचारलं, “तू भुकेला असलास तर आईला काय सांगतोस?”

तोंडी परीक्षा! याच्यासाठीच तर सगळं होतं. घरचं बोलणं तोंडात येत होतं ते मी मागं ढकललं. मास्तरांनी शिकवलेलं सगळं आठवलं. स्वच्छ आवाजात, एकेक अक्षर उच्चारून म्हणालो, “आई, मला भूक लागली आहे. कृपा करून जेवायला वाढ.”

आता मात्र बाकांवर हसले. पुढच्या मुलीही हसल्या.

“तसं नव्हे. तुमच्यात कसं म्हणतात?”

मी म्हणालो, “असंच म्हणतो, साहेब. आमच्यात शुद्ध बोलतात.”

साफ खोटं. त्या दिवशीचं एकुलतं एक खोटं माझं होतं. प्रोफेसरांच्या कपाळावर आठी पडली. ते असिस्टंटकडं वळून मराठीतच म्हणाले, “शाळेत गेलेला दिसतो. भाषेसाठी निकामी. डोकं चालेल.”

मला फक्त ‘डोकं चालेल’ ऐकू आलं. म्हणजे ऐकू सगळंच आलं. पण मी तेवढंच घेतलं. डोकं चालतं म्हणाले. म्हणजे पास.

मेजावरून उतरल्यावर मी असिस्टंटला हळूच विचारलं, “साहेब, माझं नाव कधी घालणार?” त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, “चल, अजून एक काम राहिलंय.”

दुसऱ्या खोलीत एक मूर्तिकार बसला होता. गणपती करणारा. त्याच्याजवळ घमेल्यात पांढरं प्लास्टर कालवलेलं. मला बाकड्यावर उताणं निजवलं. कानांत कापसाचे बोळे घातले, नाकपुड्यांत कागदाच्या नळ्या, सगळ्या चेहऱ्याला तेल. मूर्तिकार म्हणाला, “डोळे मीट. आता मी सांगेपर्यंत हलायचं नाही. हललास तर साचा जातो.” आणि त्यानं प्लास्टर ओतलं. कपाळावर, डोळ्यांवर, गालांवर, ओठांवर.

ते आधी गार असतं. मग घट्ट होत जातं आणि गरम होतं. जड होतं. डोळे उघडत नाहीत, तोंड उघडत नाही, श्वास दोन नळ्यांतून. मला वाटत होतं, मेल्यावर असंच वाटत असेल. तरी मी पडून राहिलो. पुढं शिकणाऱ्या सगळ्यांचा चेहरा असा घेत असतील. भिंतीवर लावत असतील. उद्या माझाही लावतील.

उजव्या कानातला बोळा सैल होता.

असिस्टंट म्हणाला, “याला परत कधी पाठवायचं?”

प्रोफेसर म्हणाले, “आज संध्याकाळच्या गाडीनं. काम झालंय त्याचं.”

“तो विचारत होता, माझं नाव कधी घालणार म्हणून.”

“कशात?”

“शाळेत म्हणा, कॉलेजात म्हणा. त्याला वाटतंय आपण त्याला शिकायला आणलंय.”

प्रोफेसर हसले. दुष्टपणानं नाही, घरातलं लहान पोर काही बोललं की हसतात तसं. आणि म्हणाले, “नमुन्याचं कुठं नाव घालतात का?”

तो शब्द. माझ्या आईनं वाडीभर नाचवलेला शब्द. त्या अंधारात, तोंडावर गरम प्लास्टर असताना, मला त्याचा अर्थ कळला. लंगोटीला बांधलेली चिठ्ठी कळली. रानडुक्कर कळलं. काचेचे डोळे कळले. एकामागून एक सगळं. आणि मला लाज वाटली. त्यांची नाही, माझी. मी छाती भरून घेतली होती. मी कृपा करून म्हणालो होतो.

मी उठून बसलो.

मूर्तिकार ओरडला, “अरे, अरे!” मी दोन्ही हातांनी ते ओढलं. अर्धवट सुकलं होतं. तेल लावूनही माझ्या पापण्यांचे आणि भुवयांचे केस त्याच्याबरोबर निघाले. कातडी सोलल्यासारखी आग झाली. साचा जमिनीवर पडून फुटला. मला नीट दिसत नव्हतं, डोळ्यांत पाणी आणि चुना. प्रोफेसर माझ्याकडं नाही, त्या तुकड्यांकडं बघत होते.

ते म्हणाले, “मूर्खा, साचा फोडलास.”

मी म्हणालो, “तोंड माजं हाय.”

शुद्ध बोलायचं राहून गेलं. बरं झालं. असिस्टंटनं ते लगेच लिहून घेतलं असेल तर मला नवल वाटणार नाही.

मी लंगोटी सोडून तिथंच टाकली, माझं धोतर नेसलो, शर्ट घातला आणि निघालो. वाट माहीत नव्हती. ज्या दिशेनं उजेड होता तिकडं गेलो आणि रुंद पायऱ्यांवर बाहेर पडलो. शिपाई आडवा आला. माझं तोंड बघून बाजूला झाला.

घरी आईनं कोमट पाण्यानं ते पांढरं सोडवलं. डाव्या भुवईचे केस नंतर आले, उजव्या भुवईचे आले नाहीत. बा चुलीपाशी बसून होता. मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “वाईस पडून ऱ्हायचं व्हतंस. तेवढ्यासाठी घालवलंस.”

मी त्याच्यावर ओरडलो. बाप आहे हेही विसरलो. म्हणालो, तुला काय कळतंय, ते आपल्याला जनावर समजतात. तो म्हणाला, “आजवर काय समजत व्हते?” आणि उठून गेला. मला तेव्हा वाटलं, हा खचलेला माणूस आहे, याला मान नाही. मी तोंड सोललं होतं, मला फार मान होता.

थोड्या दिवसांनी बा मोळी घेऊन गेला तो त्या दिवशी परत आला नाही. दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना आला. कानांच्या पाळीमागं आणि मानेवरच्या सुरकुत्यांत पांढरं चिकटलेलं होतं. मला बघितल्याबरोबर कळलं.

तो आनंदात होता. माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, “मी पडून ऱ्हायलो रं. गप. येक डाव बी हललो नाय. सायेब बोलला, लय चांगला नमुना. आता तुजं नाव घालतील.”

“त्यांनी सांगितलं असं?”

“मी बोललो त्येना. माजं तोंड घ्या, पन पोराचं नाव घाला.”

“आन ते काय बोलले?”

“हसलं,” बा म्हणाला. “चांगलं हसलं.”

माझ्यासाठी तो त्या मेजावर चढला होता. त्या लंगोटीत. बाकांवरच्या पोरांपुढं, मुलींपुढं, या वयात. मी जे फेकून आलो ते त्यानं जाऊन उचललं, आणि माझ्यासाठी उचललं. माझ्या नकाराची किंमत त्यांना काहीच पडली नव्हती. एक डोकं गेलं, दुसरं आलं. तेही त्याच घरातलं, त्याच नाकाचं.

नाव घातलं नाही, हे सांगायला नको. बा वकिलांकडं विचारत राहिला. वकील म्हणायचे, कळवतो. वकिलीणबाई म्हणायच्या, आज घरात नाहीत. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी त्याला ताप भरला आणि तो गेला. जाताना शुद्धीत होता. आईला म्हणाला, “निरोप आला का?” आईनं सांगितलं, आला. देव तिचं भलं करो. मला तेवढं खोटं जमलं नसतं.

मी आता माथेरानला हातरिक्षा ओढतो. पुढं एक, मागून दोघं ढकलतात, वर पाहुणे बसतात. लाल माती तोंडात जाते. पाहुण्यांत कधी शिकलेली माणसं असतात, युनिव्हर्सिटीच्या गप्पा मारतात. परीक्षा, निकाल, कुणाचा मुलगा विलायतेला गेला. एकदा एक जण दुसऱ्याला सांगत होता की त्याच युनिव्हर्सिटीचं संग्रहालय आता लोकांना बघायला उघडं असतं, आदिवासींचे फार हुबेहूब चेहरे ठेवलेत. मी रिक्षा ओढत होतो. मागच्यानं विचारलं, थांबलास का रं? तेव्हा कळलं मी थांबलो होतो.

मी गेलो बघायला. बाकीच्या लोकांबरोबर आत गेलो, कुणी अडवलं नाही. काचेचं मोठं कपाट होतं. आत ओळीनं तोंडं. सगळ्यांचे डोळे मिटलेले. बा दुसऱ्या ओळीत होता.

प्लास्टरवर दिलेला रंग चुकला होता. ती चिप्प त्याच्या अंगाची नव्हती, माझ्या अंगाची होती. बा माझ्यापेक्षा काळा. पण बाकी तोच. कपाळावरच्या रेघा त्याच. ओठ घट्ट मिटलेले. आणि ते हलायचं नाही म्हणून जे त्यानं स्वतःला आवळून धरलं होतं ना, तेही त्या प्लास्टरात उतरलं होतं. गालाचे स्नायू ताणलेले. किती जीव लावून तो पडून राहिला होता, ते मला तिथं काचेबाहेरून दिसत होतं. आमच्या घरात त्याचा फोटो नाही. कुणाचाच नाही. माझ्या बापाचा जगातला एकमेव चेहरा त्या कपाटात आहे.

खाली पाटी होती. इंग्रजी अक्षरं मी ओळखायला शिकलोय, हॉटेलांच्या पाट्या वाचून. ठाकूर, आम्हा ठाकरांना ते तसं लिहितात. पुरुष. कर्जत. एवढंच.

तिथं एक कारकून बसला होता. मी म्हणालो, “साहेब, या माणसाचं नाव लिहा खाली.”

“नाव लिहायची पद्धत नाही.”

“मला माहीत आहे नाव. गोमा.”

“अरे, माहीत असून काय उपयोग? तो जातीचा नमुना आहे.”

“तो माझा बाप आहे.”

त्यानं मान वर केली. “पुरावा काय?”

त्या इमारतीत नाकं मोजायचे चिमटे आहेत, डोळे जुळवायच्या पेट्या आहेत, आणि त्या माणसाला समोरासमोर दोन तोंडं दिसत असून एकसारखी दिसली नाहीत. मी म्हणालो, मग मला द्या ते, मी घरी नेतो. तो हसला. युनिव्हर्सिटीची मालमत्ता आहे म्हणाला. कपाटापाशी दोन विद्यार्थी उभे होते, एकाच्या हातात कागद. तो बाच्या कपाळाकडं बोट करून दुसऱ्याला काहीतरी पाठ म्हणून दाखवत होता. परीक्षा जवळ आली असावी.

वाडीत येऊन आईला सांगितलं. तिनं विचारलं, “कसा हाय?”

“डोळे मिटल्यात.”

“नाव लिवलंय?”

“नाय.”

“मंग कोन म्हनून ठिवलाय त्येला?”

“ठाकर म्हनून.”

आई बराच वेळ हातातली काडी मोडत बसली. वाडीभर सांगत फिरणारी आई मी ओळखतो. ही ती नव्हती. म्हणाली, “आन त्येला घरी.”

वाडीत शाळा झाली नाही. होईल असं मला वाटत नाही. माझं नाव कुठं घातलं जाईल, हेही मी सोडून दिलंय. ते वय गेलं. गेल्या हिवाळ्यात कुणी दुसरे साहेब चिमटा घेऊन शेजारच्या वाडीवर आले, तेव्हा मी धावत जाऊन सांगितलं, डोकं देऊ नका. त्यांनी माझं ऐकलं नाही. साहेब मीठ आणि तंबाखू देत होते. मीठ लागतं माणसाला. मी त्यांना काय देणार होतो? एका बाईनं तर मला विचारलं, “तुज्या बापानं दिलं ना? मंग आमाला का अडवतूस?”

पण बाला मी तिथं ठेवणार नाही. अर्ज करणार नाही, वकिलांच्या झोपाळ्यापुढं उभा राहणार नाही. मी जाणार, आणि काच फोडणार. लपूनछपून नाही, भर दुपारी, लोक बघत असताना. बाचं तोंड काढून धोतराच्या सोग्यात घेईन आणि चालायला लागेन. पायऱ्यांपर्यंतही पोहोचणार नाही, हे मला कळतं. पकडतील. मारतील. त्या झटापटीत ते तोंड फुटेलसुद्धा. आईला मी हे सांगून ठेवलंय. ती म्हणाली, फुटलं तर फुटलं, तुकडं आन.

तुकडेही देणार नाहीत. मला कोर्टात उभं करतील. तिथली रीत मला ठाऊक आहे. रानातलं लाकूड तोडलं म्हणून आमच्या माणसांना कर्जतच्या कोर्टात उभं करतात तेव्हा मी बघितलंय. आधी तुझं नाव विचारतात. मग बापाचं नाव. त्याशिवाय पुढं सरकत नाहीत. लिहून घेतात आणि भर कचेरीत मोठ्यानं वाचून दाखवतात.

मी सांगेन, गोमा. ऐकू आलं नाही म्हणाले, तर पुन्हा सांगेन.